मतदानाआधीचे चौदा दिवस कसे वापरावेत

पहिल्यांदाच मतदान करणाऱ्यांसाठी, तसेच आजवर घरच्यांनी सांगितलेल्या चिन्हापुढचे बटण दाबून आलेल्या आणि या वेळी मात्र स्वतः विचार करून मत द्यायचे ठरवलेल्या मतदारांसाठी हा लेख आहे. अशा मतदारांशी बोलताना एक अडचण हमखास ऐकू येते, ती म्हणजे इच्छा आहे, पण वेळ नाही. नोकरी, शेती, घरकाम, परीक्षा आणि आजारपण यांतून सवड काढणे सोपे नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही माझे निरीक्षण असे आहे की वेळ कमी पडण्यापेक्षा तो भलत्याच ठिकाणी खर्च होतो. कोणाला तिकीट मिळणार, कोण बंडखोरी करणार, या चर्चेत आपण निवडणुकीपूर्वीचे कित्येक आठवडे घालवतो. आणि उमेदवारांची अंतिम यादी जाहीर होऊन खरोखर वाचण्यासारखे काही हाती येते, तेव्हा आपला उत्साह संपलेला असतो.

म्हणून आधी निवडणुकीचे वेळापत्रक समजून घ्यावे. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीसाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम ३० मध्ये हे टप्पे ठरवून दिलेले आहेत. अधिसूचनेनंतर सातव्या दिवसापर्यंत उमेदवारी अर्ज भरता येतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्जांची छाननी होते आणि छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते; मध्ये सार्वजनिक सुट्टी आली तर तारीख पुढे सरकते. माघारीच्या अंतिम तारखेनंतर चौदावा दिवस उजाडेपर्यंत मतदान घेता येत नाही. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरला संपली, ३० ऑक्टोबरला छाननी झाली, मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या येऊन माघारीची मुदत ४ नोव्हेंबरपर्यंत होती आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. म्हणजे रिंगणात नक्की कोण आहे हे कळल्यानंतर मतदाराच्या हाती सोळा दिवस होते. कायद्याने मिळणारे किमान चौदा दिवस धरले आणि रोज अर्धा तास दिला, तर सात तास होतात. तेवढा वेळ पुरेसा असतो, फक्त तो कोणत्या कामाला द्यायचा हे आधी ठरलेले असले पाहिजे.

आचारसंहिता लागण्याआधीच करायचे एक काम

मतदार यादीतील नाव तपासण्याचे काम या चौदा दिवसांवर टाकू नये, कारण तोपर्यंत उशीर झालेला असतो. मी घर बदलल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत मतदार ओळखपत्र हातात घेऊन तासभर रांगेत उभी राहिले होते, आणि टेबलापाशी पोहोचल्यावर यादीत माझे नाव नसल्याचे कळले. ओळखपत्र हे केवळ ओळख पटवण्याचे साधन आहे, मतदानाचा हक्क यादीतील नावामुळे मिळतो, हे मला त्या दिवशी समजले आणि मत न देता परत यावे लागले. तेव्हापासून मी दरवर्षी एकदा यादी पाहते.

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर किंवा मोबाइल अॅपवर ओळखपत्राचा क्रमांक टाकला की मतदारसंघ, यादीचा भाग क्रमांक, त्यातील अनुक्रमांक आणि मतदान केंद्र दिसते. ज्यांना हे फोनवर जमत नसेल, त्यांनी १९५० या मदतवाहिनीवर फोन करावा किंवा आपल्या भागातील मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, म्हणजेच बीएलओंना, भेटावे. नव्याने नाव नोंदवायचे असेल तर नमुना ६ भरावा लागतो. पत्ता बदलला असेल किंवा नाव, वय, छायाचित्र यांत चूक असेल तर नमुना ८ भरावा. वयाची अठरा वर्षे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै किंवा १ ऑक्टोबर या चारपैकी ज्या तारखेला पूर्ण झालेली असतील, ती अर्हता तारीख धरली जाते, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करून ठेवता येतो. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरते यादीत नवे नाव घेता येत नाही. शिवाय तुमच्या अर्जावर हरकती मागवण्यासाठी काही दिवस द्यावे लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्या मुदतीच्या किमान दहा दिवस आधी अर्ज पोहोचलेला बरा.

पहिले दोन दिवस: आपल्याला काय हवे आहे ते लिहून काढणे

प्रचाराची पहिली सभा ऐकण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि गेल्या पाच वर्षांत सरकारी व्यवस्थेशी आपला जिथे जिथे संबंध आला, ते प्रसंग आठवून लिहावेत. सातबाऱ्यावरील नोंदीसाठी घातलेले हेलपाटे, प्राथमिक आरोग्य केंद्रात न मिळालेले औषध, महाविद्यालयाची थकलेली शिष्यवृत्ती, वेळेवर न येणारी एसटी, शेताला रात्रीच मिळणारी वीज, असे काहीही चालेल. त्यांतील तीनच विषय निवडावेत. हे काम आधी करण्याचे कारण असे की प्रचार सुरू झाला की आपले प्रश्नही प्रचारच ठरवू लागतो, आणि कालपर्यंत ज्या गोष्टीचा आपण विचारही केला नव्हता, तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटू लागते.

मग हे तीन विषय कोणाच्या अखत्यारीत येतात ते पाहावे. पोलीस, शेती, जमीन महसूल आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे विषय आहेत, त्यामुळे त्यांबद्दलचा प्रश्न विधानसभेच्या उमेदवाराला विचारला पाहिजे. रेल्वे, संरक्षण, आयकर हे केंद्राचे विषय आहेत. गटार, कचरा, गल्लीतील रस्ते आणि पथदिवे नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे असतात, आणि त्या निवडणुका भारत निवडणूक आयोग नव्हे, तर राज्य निवडणूक आयोग घेतो. लोकसभेच्या उमेदवाराने गल्लीतील गटाराचे आश्वासन दिले तर ते काम त्याच्या पदाचे नाही, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.

तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत: शपथपत्र वाचणे

माझ्या मते या संपूर्ण कालावधीत मतदाराने एकच गोष्ट वाचायची ठरवली, तर ती उमेदवाराचे शपथपत्र असावी. भाषण, मुलाखत, पत्रक यांत उमेदवार जे बोलतो त्याला कायद्याचे बंधन फारसे नसते. शपथपत्रात मात्र तो शपथेवर लिहून देतो, आणि त्यात जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२५ क खाली सहा महिन्यांपर्यंतच्या तुरुंगवासाचा, दंडाचा किंवा दोन्हींचा गुन्हा आहे. हा अधिकार मतदारांना सहज मिळालेला नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या याचिकेतून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला; त्यानंतर संसदेने तो मर्यादित करणारी दुरुस्ती केली आणि २००३ मध्ये न्यायालयाने तीही रद्द केली. उमेदवाराने रकाने कोरे सोडू नयेत, हेही न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. म्हणूनच आज या शपथपत्रांत ठिकठिकाणी ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहिलेले दिसते.

हे शपथपत्र नमुना २६ या नावाने ओळखले जाते. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर, तसेच ‘नो युवर कँडिडेट’ या अॅपवर मिळते. एखाद्या मतदारसंघात वीस-पंचवीस उमेदवार असतात, ते सगळे वाचणे कोणालाही शक्य नसते. लढतीतील तीन-चार जण आणि तुम्हाला मनापासून कुतूहल वाटते असा एखादा अपक्ष, एवढे पुरे. घरात किंवा शेजारी आणखी कोणाला यात रस असेल तर उमेदवार वाटून घ्यावेत आणि एका संध्याकाळी एकमेकांना सांगावेत. एकट्याने पाच दिवस लागणारे काम दोन दिवसांत होते, आणि वाचताना आपल्या नजरेतून सुटलेली गोष्ट दुसऱ्याला दिसते.

फाइल उघडल्यावर आधी घाबरायला होते. पानापानावर नोटरीचे शिक्के असतात, काही पाने हाताने लिहिलेली असतात आणि स्कॅन करताना तिरकी झालेली असतात. अशा वेळी पहिल्या पानापासून सुरुवात न करता थेट शेवटाकडे जावे. नमुन्याचा ‘भाग ब’ हा साऱ्या माहितीचा गोषवारा असतो. प्रलंबित प्रकरणे किती, शिक्षा झाली आहे का, स्थावर आणि जंगम मालमत्ता किती, कर्ज किती, शिक्षण काय, हे सगळे तिथे थोडक्यात मिळते. तो वाचून जिथे शंका येईल, तेवढेच मागे जाऊन तपशिलात पाहावे.

गुन्ह्यांच्या रकान्यात केवळ आकडा पाहून मत बनवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिथे प्रथम खबर (एफआयआर) क्रमांक, पोलीस ठाणे, कायद्याचे कलम आणि न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत की नाही हे लिहिलेले असते. भारतीय दंड संहितेची कलमे १४३, १४७ आणि १८८ किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमे ३७ आणि १३५ दिसली, तर बहुतेक वेळा ती मोर्चा, रास्ता रोको किंवा जमावबंदी मोडल्याची प्रकरणे असतात. प्रश्नांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या कार्यकर्त्यावर अशी दहा प्रकरणेही असू शकतात. कलम ४२० म्हणजे फसवणूक, ३०२ म्हणजे खून, ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न, ३५४ म्हणजे स्त्रीचा विनयभंग. यांतील एकच प्रकरण असले, आणि त्यात आरोप निश्चित झालेले असले, तरी ते आंदोलनाच्या दहा प्रकरणांपेक्षा गंभीर समजावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने त्यानंतरच्या गुन्ह्यांत हे क्रमांक बदललेले दिसतील. खून आता १०३ मध्ये, खुनाचा प्रयत्न १०९ मध्ये आणि फसवणूक ३१८ मध्ये आहे. खटला प्रलंबित असणे म्हणजे दोषी असणे नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

ज्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत, त्या उमेदवारांना ही माहिती प्रचाराच्या काळात वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर तीन वेळा जाहीर करावी लागते. बारीक अक्षरांतील ती जाहिरात आपण एरवी पान उलटून टाकतो. गुन्हे असलेल्या उमेदवारालाच का निवडले, याची कारणे त्याच्या पक्षालाही प्रसिद्ध करावी लागतात, आणि ती अवश्य वाचावीत. सगळ्यांसाठी एकच ठोकळेबाज वाक्य लिहिले आहे की खरोखर काही कारण दिले आहे, हे लगेच कळते.

मालमत्तेच्या बाबतीत एकच शपथपत्र वाचून फारसे काही कळत नाही; मागच्या निवडणुकीतील शपथपत्र शेजारी ठेवावे लागते. उमेदवार पूर्वी लढलेला असेल तर ते आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या ‘मायनेता’ या संकेतस्थळावर सापडते. समजा, एखाद्याने पाच वर्षांपूर्वी ८० लाखांची मालमत्ता दाखवली होती आणि आता ३ कोटी दाखवली आहे. वाढ २ कोटी २० लाखांची झाली. आता स्थावर मालमत्तेचा तक्ता उघडावा. त्यात प्रत्येक जमिनीपुढे ती वारसाने मिळाली की स्वतः घेतली, खरेदीची तारीख, खरेदीच्या वेळची किंमत आणि आजचा अंदाजे बाजारभाव असे वेगवेगळे रकाने असतात. तीच जुनी दोन एकर जमीन असेल आणि शेजारून महामार्ग गेल्याने भाव चढला असेल, तर वाढ कागदावरची आहे. नवी खरेदी दिसत असेल, तर आयकर विवरणपत्रांतील गेल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाची स्वतःची आणि जोडीदाराची बेरीज करावी, त्यात वाढलेले कर्ज मिळवावे आणि ती रक्कम नव्या खरेदीच्या रकमेला पुरते का ते पाहावे. पुरत नसेल तर उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटांची माहिती देणारे मुद्दे वाचावेत. एवढ्यावरून कोणावर आरोप करता येणार नाही, आणि करूही नये. पण प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराला नेमका कोणता प्रश्न विचारायचा, हे तुम्हाला कळलेले असेल.

आठवा ते दहावा दिवस: मागचे काम आणि पुढचे आश्वासन

विद्यमान खासदार पुन्हा उभा असेल तर त्याने सभागृहात काय केले हे संसदेच्या संकेतस्थळावर आणि कायदेमंडळांच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदींत दिसते. आमदाराच्या बाबतीत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरे आणि कामकाजाचे वृत्तान्त मिळतात. इथे नवख्या मतदाराची एक ठरलेली चूक होते: एखाद्याने एकही प्रश्न विचारला नाही असे दिसले की तो निष्क्रिय समजला जातो. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात, त्यामुळे त्यांचा शून्य आकडा काहीच सांगत नाही. उलट प्रश्नांची संख्या मोठी असूनही त्यांत आपल्या मतदारसंघाचा उल्लेख क्वचितच असू शकतो. म्हणून संख्या सोडून द्यावी आणि आपल्या तीन विषयांपैकी एखाद्यावर कधी तोंड उघडले होते का, एवढेच शोधावे. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. ती कुठे झाली हे आपल्या भागात फिरतानाही फलकांवरून कळते.

जाहीरनामा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. आपले तीन विषय त्यात शोधावेत आणि प्रत्येक आश्वासनाखाली किती, कधीपर्यंत आणि पैसा कुठून, या तीन गोष्टी आहेत का ते पाहावे. ‘शेतकऱ्यांच्या पाठीशी ठामपणे उभे राहू’ हे वाक्य मोजता येत नाही. ‘दोन वर्षांत प्रत्येक तालुक्यात इतक्या क्षमतेचे शीतगृह’ हे मोजता येते. आश्वासनामागचे कारण आणि त्यासाठी लागणारा निधी उभा करण्याचा मार्ग पक्षांनी ढोबळमानाने सांगावा, हे आदर्श आचारसंहितेतच लिहिलेले आहे, त्यामुळे मतदाराने तो शोधणे म्हणजे काही जास्तीची अपेक्षा नव्हे.

अकरावा आणि बारावा दिवस: प्रत्यक्ष ऐकणे

दूरचित्रवाणीवरील वादचर्चांना मी वेळ देत नाही, आणि ज्यांच्याकडे अर्धाच तास आहे त्यांनीही देऊ नये असे मला वाटते. त्याऐवजी एक कोपरा सभा गाठावी किंवा प्रचारफेरी दारात आली की उमेदवाराला दोन मिनिटे थांबवावे. प्रश्न लहान आणि नेमका असावा. ‘आमच्या भागासाठी काय करणार?’ असे विचारले की ‘सगळे करू’ असेच उत्तर मिळते. ‘आमच्या उपकेंद्रात आठवड्यातून किती दिवस डॉक्टर असतात, हे तुम्हाला माहीत आहे का?’ असे विचारले की उमेदवाराने मतदारसंघ किती पाहिला आहे ते कळते. उत्तर त्याच दिवशी, तारखेसह, कागदावर लिहून ठेवावे.

शेवटचे अठ्ठेचाळीस तास

मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार थांबतो, पण फोनवरचे संदेश थांबत नाहीत. नेमक्या याच वेळी अमुक उमेदवाराने माघार घेतली, तमुकाने पाठिंबा दिला, अशा बातम्या फिरतात. माघारीची मुदत पंधरवड्यापूर्वीच संपलेली असल्याने यंत्रावरचे नाव आता हटत नाही, हे लक्षात ठेवले तर निम्मे संदेश आपोआप निकाली निघतात. या दोन दिवसांत नवे काही वाचू नये. आपल्या कागदावरील नोंदी पुन्हा पाहाव्यात आणि निर्णय घ्यावा. कोणीच पटले नाही तर २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आहे. मात्र विधानसभा किंवा लोकसभेच्या निवडणुकीत त्याला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो, हे माहीत असू द्यावे.

एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार उभे असण्याचा प्रकार आपल्याकडे वारंवार घडतो. म्हणून आपल्या उमेदवाराचा यादीतील अनुक्रमांक आणि चिन्ह आदल्या रात्री नीट पाहून लक्षात ठेवावे. यंत्रावर छायाचित्रही असते. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन परवाना, पारपत्र अशा मान्य कागदपत्रांपैकी एक सोबत घ्यावे. घरी मिळालेली मतदार माहिती चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३५ ख प्रमाणे कामगाराचा हक्क आहे, आणि ज्यांचा मालक ती देण्यास कुरकुर करतो त्यांनी हे कलम आधीच दाखवून ठेवावे. बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे तुमच्या उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती पाहिल्याशिवाय तिथून हलू नये. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर हताश होऊन परत फिरू नये. ओळख पटवून दिल्यावर मतदान केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे यंत्राऐवजी दिली जाणारी कागदी मतपत्रिका, मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

घरी आल्यावर तीन विषयांचा तो कागद आणि निवडून आलेल्या उमेदवाराचे शपथपत्र एकाच फाइलमध्ये ठेवावे आणि फाइलवर निवडणुकीचे वर्ष घालावे. पाच वर्षांनी मालमत्तेचे दोन तक्ते शेजारी ठेवायची वेळ येईल, तेव्हा पहिला तक्ता शोधत बसावे लागणार नाही, आणि उमेदवार पुन्हा दारात आला की त्याचे मागचे उत्तर तारखेसह तुमच्यापुढे असेल.